पोचलं म्हणा, काकाजी

चहाच्या टपरीवर कोणी त्याच्यापुढं बाकावर ग्लास ठेवला तर तो हात लावत नव्हता. चहा थंड होऊन जाई, वर साय धरे, पण हा आपला बसून. टपरीवाला चिडायचा. "साहेब, ठेवला ना जी चहा!"

हा म्हणे, "ठेवला तुमी. मले दिला नाही."

मग टपरीवाला कपाळाला हात लावून ग्लास उचले आणि त्याच्या हातात देई. हा ग्लास नीट धरून टपरीवाल्याच्या तोंडाकडं बघे, "पोचला" म्हणे आणि मगच पहिला घोट घेई.

पहिल्या दिवशी लोक हसले. आठ दिवसांनी टपरीवरचे सगळेच ग्लास देता-घेताना "पोचला का बे?" "पोचला!" करायला लागले. त्याच्या समोरच थट्टा चाले. त्याला ती कळत नव्हती असं नाही. तो म्हणायचा, "चला, तुमी तरी शिकले."

तो आमच्या दवाखान्यात कम्प्युटरचं काम करायला आला होता. आमगावच्या अलीकडं एका ट्रस्टचा दवाखाना होता, मी तिथं शिपाई. माझं काम चिठ्ठ्या नेण्याचं. खिडकीवर पेशंटचं नाव लिहिलं की ती चिठ्ठी डॉक्टरकडं न्यायची. डॉक्टरनं रक्त तपासायला लिहिलं की लॅबमध्ये. लॅबचा कागद वॉर्डात, वॉर्डातली औषधाची चिठ्ठी औषधाच्या खिडकीवर. खिडक्या आणि लॅब रस्त्याकडच्या जुन्या इमारतीत होत्या, वॉर्ड मागच्या नव्या इमारतीत. मधात अंगण आणि मोहाचं एक झाड. लॅबच्या दारापासून वॉर्डाच्या पायरीपर्यंत माझी एकशे बारा पावलं होत. त्या अंगणातून मी बावीस वर्षं चाललो. शाळा माझी तिसरीतच सुटली, अजूनही अक्षर लावून लावून वाचतो. पण बावीस वर्षांत माझ्या हातची एक चिठ्ठी चुकीच्या खाटेवर गेली नाही. हे मी तेव्हा शिकलेल्यांच्या तोंडावर सांगत होतो, आजही सांगतो.

चिठ्ठ्यांसाठी माझ्याजवळ बिस्किटाचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता. आत मी पुठ्ठ्याचे चार कप्पे केले होते आणि डब्याला पट्टा लावून तो खांद्याला अडकवायचो. लोक मला डाकवाला म्हणत. मला ते आवडे.

तो आला तेव्हा तिशीचा असेल. उंच, जरा वाकलेला, खिशात दोन पेनं, पायात रबरी चप्पल. व्यवस्थापक त्याला घेऊन माझ्यापाशी आला. व्यवस्थापक गोंदियाचा, हिंदीच बोले. "काका, ये साहब अपना सारा काम वेबसाइट पे ला रहे हैं. अब आपके पैरों को आराम."

मला राग आला. माझ्या पायांनी आराम मागितला कधी? मी तोंड फिरवून डबा पुसत बसलो. व्यवस्थापक गेला, पण हा उभाच.

"काकाजी, मी तुमच्या मागं मागं फिरलो तर चालन का?"

"कायले?"

"तुमचं काम शिकाचं हाये."

"चिठ्ठी नेण्यात शिकाचं का हाये?"

"तेच तर पाहून रायलो," तो म्हणाला.

आठ दिवस तो माझ्या मागं दोन पावलं ठेवून चालला. दवाखान्यातले सगळे हसत. सिस्टर म्हणाली, "काकाजी, तुमची सावली मोठी झाली." त्याच्या हातात एक वही होती. मी चिठ्ठी कोणाला दिली, देताना काय बोललो, घेणारा काय बोलला, सगळं लिहून घेई. एकदा मी वॉर्डात लॅबचा कागद देताना सिस्टरला म्हटलं, "बाई, ही चार नंबरची कालपासून जेवली नाही. लाजते, सांगत नाही." तर तो मधेच थांबला.

"काकाजी, हे चिठ्ठीत कुठं लिवलं हाये?"

"चिठ्ठीत कायले राहील? मी पायलं."

तो मोहाखाली जाऊन किती तरी वेळ वहीत लिहीत बसला. पुढं त्यानं प्रोग्रॅम केला त्यात प्रत्येक पानाच्या खाली एक लांब मोकळी जागा ठेवली होती. तिथं जे लिहाल ते पेशंटच्या नंबराबरोबर या खिडकीतून त्या खिडकीत जाई. त्या जागेला तो काकाजीचा रकाना म्हणे. डॉक्टरनं नंतर तिचं नाव शेरा असं करायला लावलं.

त्याला राहायला जागा पाहिजे होती. मी म्हटलं, माझी पुढची खोली रिकामी आहे. असा तो माझ्या घरी आला. माझी बायको मायाळू. ती पहिल्या दिवशी अंबाडीची भाजी वाटीत घालून त्याच्या खिडकीत ठेवून आली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबू काऊन खाऊन नाही रायला? वाटी तशीच रायते, आन मंग मांजर खाते."

मी त्याला विचारलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "काकीजी, एका खोलीनं दुसऱ्या खोलीच्या डब्यात हात नाही घालाचा. मागाचं. देणाऱ्यानं हातात द्याचं, घेणाऱ्यानं पोचलं म्हणाचं. माझा सारा प्रोग्रॅम एवढ्यावरच उभा हाये."

बायको म्हणाली, "आन मांजरीनं खाल्लं, तिनं का म्हटलं?"

तो खूप हसला. "ती नाही म्हणत ना. म्हणूनच माणसाले म्हणा लागते."

त्यानं मला प्रोग्रॅम समजावला तोही माझ्या घरावरूनच. खिडकीची एक खोली, लॅबची एक, वॉर्डाची एक, औषधाची एक. त्या खोल्यांना तो मॉड्यूल म्हणे. मी मोडूल म्हणायचो, त्यानं कधी दुरुस्त केलं नाही. प्रत्येक खोलीचं सामान तिच्यापाशी. दुसरीला लागलं तर दारातून मागायचं, जेवढं लागते तेवढंच, आणि बरोबर पेशंटचा नंबर. मला वाटलं, यात नवीन काय आहे? मी हेच करून राहिलो होतो. तसं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "म्हणून तर तुमच्या मागं फिरलो."

एकदा माझ्या बायकोनं त्याला विचारलं, हे पोचलं पोचलं तुझं कुठून आलं? तो बाहेरगावी शिकायला होता तेव्हाची गोष्ट त्यानं सांगितली. त्याच्या आईचं दुखणं वाढलं तेव्हा गावातून एका माणसाजवळ निरोप दिला होता. त्या माणसानं तो दिला.

"मंग?" बायको म्हणाली.

"दारातल्या फटीतून चिठ्ठी आत टाकली त्यानं. मी ती खोली सोडून आठ दिवस झाले होते." एवढं बोलून तो उठला आणि खोलीत गेला. गावात त्या माणसाला आजही कोणी खोटं म्हणत नाही, असं त्यानं दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं. चिठ्ठी त्यानं दिलीच होती.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात खिडकीवर रांग अडली. पाहतो तर एक म्हातारी उभी, आणि खिडकीवरची मुलगी ओरडून राहिली, "आजी, नवऱ्याचं नाव सांगा! त्याबिगर पुढं जात नाही!"

म्हातारी म्हणे, "त्यायचं नाव मी कशी घेऊ वं?"

"मग कोणाचं तरी सांगा!"

म्हातारीनं भावाचं नाव सांगितलं. आमच्या इकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कागदाच्या काळात मी बरोबरच्या माणसाला विचारून खिडकीवर सांगायचो, नाही तर ती जागा तशीच सोडायला लावायचो. पण या पानावर ती जागा भरल्याशिवाय पुढची खोली उघडतच नव्हती. आठ दिवसांत अशा किती बायकांचे नवरे बदलले देव जाणे. एकीनं तर गावच्या पाटलाचं नाव सांगितलं होतं, आणि वॉर्डात सिस्टर पाटलाच्या नावानं हाका मारून राहिली.

मी त्याला सांगितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. टपरीवरचा अर्धा चहा तसाच सोडून गेला आणि संध्याकाळपर्यंत ती अट काढून टाकली. मला म्हणाला, "काकाजी, ज्या बाईले जे सांगता येत नाही, ते विचारून मी तिचं दार अडवलं. हे मले तुमच्या मागं फिरून दिसाले पायजे होतं."

असा माणूस. आपल्या चुकीवर दुसऱ्या कोणाचं नाव कधी लिहिलं नाही त्यानं. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवतो.

त्याच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये लॅबनं रिपोर्ट वॉर्डाला पाठवला की लॅबच्या पडद्यावर एक लाल पट्टी यायची. वॉर्डातली सिस्टर आपल्या पडद्यावर 'पोचलं' दाबत नाही तोपर्यंत ती पट्टी जात नव्हती. सिस्टर लोक कंटाळले. त्यांचंही खरं होतं. "आमी पेशंट पाहू का दिवसभर पोचलं पोचलं करू?" डॉक्टरनं सांगितलं, काढून टाका. तो दोन दिवस भांडला. दोन दिवस टपरीवर आला नाही, घरी जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मला हात धरून डॉक्टरच्या खोलीत घेऊन गेला.

"पट्टी काढतो, साहेब. पण विजेची लाइन गेली की दोन इमारतींच्या मधची वायर बंद पडते. लॅबमधून पाठवला असं दिसन आन वॉर्डात काहीच दिसणार नाही. तेव्हा काकाजी चालतील. त्यायचं काम काढू नका."

डॉक्टर म्हणाला, ठीक आहे.

बाहेर मोहाखाली त्यानं मला उभं केलं. "का सांगतलं मी?"

मी म्हटलं, "लाइन गेली की मी चालीन. लॅबमधून कागद घेईन, वॉर्डात हातात देईन."

"पोचलं म्हणा, काकाजी."

"पोचलं," मी म्हटलं.

माझ्या तोंडानं म्हटलं. मोहाच्या झाडाखाली उभं राहून.

पुढं दिवाळी झाली आणि मी धानकापणीसाठी चार दिवस सुटी घेतली. परत आलो तर खुंटीवर डबा नाही. व्यवस्थापकाला विचारलं. तो म्हणाला, "वो टीन का डिब्बा? कबाड़ में गया, काका. साहब ने पूरा कमरा साफ करवाया, मशीन रखने के लिए. अब चिट्ठी कहाँ है जो डिब्बा चाहिए?" आणि मला गेटवर बसायला सांगितलं. बाकीचे हसले. कोणी तरी म्हणालं, "डाकवाल्याची डाक बंद!"

साहेब म्हणजे तोच, असं मी समजलो. तो माझ्याच घरात, माझ्या पुढच्या खोलीत राहत होता. जाऊन विचारायला चार पावलं लागत होती. मी विचारलं नाही. त्याच्याशी बोलणंच सोडलं. सकाळी तो अंगणात दिसला की मी मागल्या दारानं निघायचो. बायको म्हणाली, "एकदा विचारून तं पाहा." मी म्हटलं, "माझी जीभ एवढी हलकी नाही." तो दोनदा बोलायला आला. दोन्ही वेळा मी आंघोळीचं निमित्त केलं.

मग तो दिवस आला. लोडशेडिंगचे दिवस होते, दुपारी दीडला लाइन गेली. लॅबमध्ये इन्व्हर्टर होता, वॉर्डातही होता. पण मधल्या वायरीची पेटी जिन्याखाली होती, तिला नव्हता. सकाळी देवरीकडच्या एका गावातून एक बाई आली होती. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना, अंग पांढरं पडलेलं. तिचं रक्त तपासायला गेलं होतं. तिची सासू मोहाखाली गाठोडं घेऊन बसली होती.

मी गेटवरच्या बाकावर. दोनच्या सुमारास लॅबवाल्यानं खिडकीतून आवाज दिला. "काकाजी! त्या देवरीवालीचं रक्त लई कमी हाये जी. रिपोर्ट टाकला मी, पण लाइन नाही. वॉर्डात दिसला का पाहून या ना."

मी म्हटलं, "मी आता गेटवर हावो. कम्प्युटरले सांग."

"कम्प्युटरवर तं पाठवला म्हणून आलं."

"मंग झालं तं."

तो आत गेला. त्यानं अजून एकदा म्हटलं असतं तर मी उठलो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. उठलो नसतो. आता या वयात खोटं कायले सांगू.

वॉर्डात सिस्टर दुसऱ्या एका बाळंतिणीत गुंतली होती. तिच्या पडद्यावर सकाळचंच पान. तिला वाटलं, रिपोर्ट अजून झाला नाही. साडेचारला लाइन आली, रिपोर्ट दिसला आणि धावपळ सुरू झाली. रक्त गोंदियाला मिळणार होतं. बाईला गाडीत घातलं, सासूही बसली. गाडी गोंदियाला पोचायच्या आधीच ती गेली. पोटातलंही गेलं.

सासू दिवस बुडताना परत आली. सामान न्यायला. झाडाखालचं गाठोडं मी तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, "बापू, सुनेची चप्पल वार्डातच रायली जी."

मी जाऊन घेऊन आलो. निळ्या पट्ट्याची होती. त्या दिवशी त्या अंगणातून मी एवढ्याचसाठी चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या उंबऱ्यापाशी आला. रात्रभर झोपला नसावा. हातात छापलेला कागद होता, लॅबनं किती वाजता पाठवलं आणि वॉर्डात किती वाजता उघडलं त्याचा. मी तांब्या घेऊन निघालो होतो. तो वाट अडवून उभा राहिला.

"काकाजी, काल लॅबमधून तुमाले कोणी काही सांगतलं होतं का?"

बायको चुलीपाशी होती, ऐकत होती. मी म्हटलं, "मले कोणी काही नाही सांगतलं."

माझंच बोलणं त्यानं परत म्हटलं. "तुमाले कोणी काही नाही सांगतलं. पोचलं."

आणि गेला.

डॉक्टरच्या खोलीत चौकशी झाली तेव्हा लॅबवाला मला सांगितल्याचं बोलला नाही. बोलला असता तर त्यालाच विचारलं असतं, तू स्वतः काऊन नाही गेला म्हणून. मीही गेटवर चूप. डॉक्टर म्हणाला, दोन-अडीच तास आधी कळलं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही. पण त्या बाईचे गावकरी आले होते. त्यांना कोणी तरी पाहिजे होतं. हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "पट्टी मी काढली. चूक माझी हाये. तुमची सून माझ्या दोन खोल्यांच्या मधात गेली." त्यांना काही समजलं नाही. एकानं त्याची कॉलर धरली, तेव्हा खिशातली दोन्ही पेनं खाली पडली. मी गेटवरून पाहिलं. पेनं उचलायलाही गेलो नाही.

त्याला कामावरून काढलं. खोली सोडताना किल्ली त्यानं माझ्या बायकोच्या हातात दिली आणि ती "पोचली" म्हणेपर्यंत थांबला. ती रडत म्हणाली. माझ्याकडं तो आला नाही. मी मागच्या अंगणात सरपण फोडून राहिलो होतो. त्याला कुऱ्हाडीचा आवाज येत असेल.

पुढं दवाखान्यात दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम आला. लॅबवाला रायपूरला गेला. मी निवृत्त झालो. चार लोकांनी हार घातला आणि व्यवस्थापक भाषणात म्हणाला की काका के हाथ से बाईस साल में एक चिट्ठी इधर की उधर नहीं हुई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

बायकोला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गेली. मला वाटते तिला माहीत होतं. त्या सकाळी तिनं चुलीवरून मान वर करून माझ्याकडं पाहिलं होतं, पण विचारलं कधीच नाही.

तिच्या माघारी घर मोठं झालं. मग कोणी तरी सांगितलं, तो देवरीच्या बसस्टँडपाशी मोबाइल दुरुस्त करते. दोन महिने मी जाऊ-नको-जाऊ केलं आणि एक दिवस बसलो बसमध्ये.

दुकान म्हणजे एक लाकडी खोका. तो आत वाकून बसलेला, डोक्याचे केस पिकलेले. माझ्या पुढं एक पोरगी उभी होती. तिनं मोबाइल फळीवर ठेवला. तो मान वर न करता म्हणाला, "हातात दे, बाई." तिनं दिला. "पोचला," तो म्हणाला. मला तिथूनच परत फिरावं वाटलं.

पोरगी गेल्यावर त्यानं मला पाहिलं. उठून स्टूल दिलं, स्टूलसुद्धा हातात. विचारलं, "काकीजी?"

"दोन वर्षं झाली बाबू. गेली."

"काकीजी गेल्या," तो हळू म्हणाला. "पोचलं."

मग मी बोललो. तोंड खाली घालून नाही, त्याच्याकडं पाहून बोललो, एवढं तरी मी केलं. "त्या दिवशी लॅबवाल्यानं मले सांगतलं होतं. मी बसून रायलो. डब्याचा राग होता मले. आन दुसऱ्या दिवशी तू विचारलं तं मी तुझ्यापाशी खोटं बोललो."

त्याच्या हातात स्क्रू फिरवायचा बारका पेचकस होता. मी वाट पाहत राहिलो. तो आता माझं बोलणं परत म्हणेल, तुमाले सांगतलं होतं, तुमी बसून रायले, तुमी खोटं बोलले. आणि मग तो एक शब्द म्हणेल. त्या एका शब्दासाठी मी एवढ्या दुरून आलो होतो. शिव्या दिल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या.

त्यानं पेचकस खाली ठेवला. फळीखाली हात घातला आणि एक डबा काढला. बिस्किटाचा, चौकोनी. पट्टा तुटलेला. आत माझे पुठ्ठ्याचे चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात वेगळ्या मापाचे बारके बारके स्क्रू.

"भंगारवाल्यापासून त्याच दिवशी घेतला होता," तो म्हणाला. "व्यवस्थापकानं फेकला होता. तुमी कापणीवरून आले की द्याचा होता. मंग तुमी बोललेच नाही."

त्यानं वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि एकेक कप्पा त्यावर रिकामा केला, चार वेगळ्या ढिगांत, एकाही ढिगातला स्क्रू दुसऱ्यात जाऊ न देता. फडक्यानं डबा आतून पुसला. मग दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी धरला. त्यानं सोडला नाही.

"पोचला म्हणा, काकाजी."

तो डबा धरून थांबला, तसाच, टपरीवर ग्लास धरून थांबायचा तसा.

"पोचला," मी म्हटलं.

त्यानं डबा सोडला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि तो त्याच्याकडं वळला. मी स्टुलावर अजून बसून राहिलो. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. शेवटी आमगावच्या बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा तो म्हणाला, "गाडी लागली, काकाजी." बाकी काही नाही.

त्यानंतर दीड वर्षानं तो गेला, असं देवरीच्या एका माणसानं सांगितलं. काविळीनं. दीड वर्षात त्यानं कोणाजवळ माझ्यासाठी काही निरोप दिला होता का, हे मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, नाही जी.

डबा घेऊन देवरीहून परतलो त्या दिवशी बसमध्ये गर्दी होती. कंडक्टर म्हणाला, "बावाजी, डब्यात का हाये?"

"काही नाही, रिकामा हाये."

"मंग वर ठेवा ना. मांडीवर कायले घेऊन बसले?"

मी वर ठेवला नाही. आमगाव येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो.